सरावाची नाणी

३ मार्च
आईने विचारलं, दिवसभर संगणकापुढे बसून घराला काय मिळणार? घराला आत्ता काही नाही. पण बँकेशिवाय गरिबांना एकमेकांना पैसे पाठवता येतील, अशी व्यवस्था मी उभी करणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, एवढं तर केलंच पाहिजे. आधी सराव: डिजिटल नाण्यांच्या टेस्ट नेटवर्कवर नोड, म्हणजे माझा संगणक त्या जाळ्याला जोडायचा. तिथली नाणी खोटी, एका साइटवर फुकट मिळतात. त्या साइटला नळ म्हणतात. काम झालं की नाणी नळाला परत करायची, अशी रीत.

५ मार्च
नळातून नाणी आली! बाबा लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करून आले होते, पाय सुजलेले. स्क्रीन बघून म्हणाले, बातम्यांत असतात तीच का ही? मी म्हटलं, त्याच जातीची. हे खोटं नाही. उद्या नीट सांगेन.

६ मार्च
सांगितलं नाही. काका आले होते. त्यांनी मोबाइलवर खऱ्या नाण्याचा भाव काढला आणि म्हणाले, "दादा, आता इस्त्री ठेव खाली. पोरीने पांग फेडले." बाबा माझ्याकडे बघत राहिले. अशा वेळी तांत्रिक खुलासा शोभत नाही.

९ मार्च
सगळी नाणी घालून चॅनेल, म्हणजे दुसऱ्या एका नोडशी थेट देवाणघेवाणीची वाट, उघडलं. आता मला पाठवता येतात, घेता येत नाहीत, कारण सगळी माझ्याच बाजूला. तरी अर्धं यश म्हणायला हरकत नाही. बाबांना रविवारी सांगणार. नक्की.

१२ मार्च
बाबांनी नोकरी सोडली. मला न विचारता. पायांना विश्रांती हवीच होती, असं दुपारपर्यंत स्वतःला समजावलं.

१३ मार्च
सगळं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीही आधी फडक्यावरच इस्त्री शिकलो. पण फडक्याला कधी शर्ट म्हटलं नाही."
बाबा परत लाँड्रीत गेले, मीही सोबत. मालक म्हणाले, त्यांच्या जागी कालच माणूस घेतला. नाणी खोटी होती, हे ऐकून मालक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१४ मार्च
चॅनेल बंद केलं, नाणी नळाला परत पाठवली. त्याच लाँड्रीत काउंटरवर जागा होती, ती मी मागून घेतली. आज आठ ते सहा मळक्या कपड्यांना नंबर लावले.