हात पेटीवर ठेवून

देवदत्त,

तुझं सोल्डरिंग आयर्न पुन्हा चालूच होतं. बंद केलं. जेवणाच्या टेबलावरच्या तारांना हात लावलेला नाही, वरण-भात ओट्यावर आहे.

बाबांना समता कॉलनीत कानाच्या डॉक्टरांकडे नेते आहे. हो, तुला न विचारता. चार महिने ऐकते आहे, ‘ताई, थांब ना, मी त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर बनवून राहिलो.’ तीन बनवलेस. दर वेळी खुणा करून विचारतोस, ‘बाबा, आता येते ऐकू?’ ते स्पीकरच्या पेटीवर हात ठेवून म्हणतात, ‘हव, एकदम साफ!’ आणि तू खूश होऊन पुढचं सर्किट काढायला बसतोस. हात कशाला ठेवतात, कधी विचार केलास? पेटी थरथरली की त्यांना कळतं, पोट्ट्यानं काहीतरी लावलं.

चौथ्याचं सामान आणू नकोस.

आज सकाळी मी प्लग काढून ठेवला आणि तुझ्यासारख्याच खुणा केल्या. त्यांनी पेटीवर हात ठेवला. बराच वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हव, एकदम साफ. देवदत्तले सांग.’

ताई