राळेची बरणी

इसाल्मी, २ एप्रिल

प्रिय ताउनोदादा,

तू बरा असशील आणि गुडघाही बरा असेल, असं आपलं मी धरून चालते. विचारलं तरी तू सांगणार नाहीस.

मलमाची बरणी पोचली. यंदा लवकर पाठवलीस. झाकणावर आई बांधायची तसंच फडकं, तसाच सुतळीचा फास. चिठ्ठी नव्हती, ती असेल अशी आशाही नव्हती. झाकण उघडलं आणि राळेचा न् मेणाचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. घटकाभर वाटलं, आई मागे उभी आहे आणि आता विचारणार, "हात धुतलेस का गं?"

परवा माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा तुझ्या फोनवर दिसेना म्हणून तू फोन केलास. तोही मला नाही, शेजारच्या लेम्पीला! ऐंशीची म्हातारी ती. पावाचं पीठ मळत होती, तशीच काठी टेकत बर्फातून आली आणि दारातूनच ओरडली, "सिनिक्का, जिवंत आहेस का? तुझा भाऊ विचारतोय. नसलीस तर काय सांगू त्याला?"

"सांग, भांडी घासतेय."

"ते मला दिसतंय गं. पण तो म्हणाला, हात लावून बघ."

आणि बाईने खरंच हात लावून बघितला. माझ्या निळ्या स्वेटरवर पिठाची पाच बोटं अजून आहेत.

तर घाबरू नकोस. माझा फोन बिघडला होता, बाकी काही नाही. आता आकडा परत दिसत असेल.

इथे तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागलाय. शाळेच्या स्वयंपाकघरात इल्ता आणि मी, दोघीच उरलोय. तिसरीची जागा भरणार म्हणतात, ते आपण ऐकायचं. दंडाला थोडी खाज आहे. साखर मोजणारा सेन्सर चिकटवते तेवढाच चौकोन लाल होतो, विशेष काही नाही. तुझं मलम लावतेय.

आईच्या कबरीवरचा दिवा मी बदलला. जपून राहा.

तुझी,
सिनिक्का

*

इसाल्मी, १९ मे

प्रिय दादा,

दुसरी बरणी पोचली. अरे, केवढी ती! काकड्यांच्या लोणच्याची आहे ना? मी थोडी खाज आहे एवढंच लिहिलं होतं, तू अख्खं जंगल उकळून पाठवलंस. पोस्टातली मुलगी बरणी देताना म्हणाली, "डांबर आहे का? हाताला चिकटलं." मी म्हटलं, भावाची माया आहे. ती हसली नाही.

आता खरं लिहिते, रागावू नकोस. रागावलास तरी मला कुठे ऐकू येणार आहे म्हणा.

माझा फोन बिघडला नव्हता. सेन्सर मीच उपटून काढला होता.

खाज थोडी नाही रे. आधी उजवा दंड गेला, मग डावा. चिकटपट्टी काढली की खाली तिच्याच मापाचा लाल चौकोन, त्यावर बारीक फोड, फोडांतून पाणी. तो बरा होईपर्यंत दुसरीकडे लावायचं, की तिथेही तेच. मग पोट झालं, मांडी झाली. भाडेकरू खोली शोधत हिंडतो तशी मी स्वतःच्या अंगावर जागा शोधत हिंडते. लोक उपाय सांगतात. खाली हे फवारा, त्यावर ते चिकटवा, काढताना तेल लावा. सगळं केलं. इल्ता माझा दंड बघून म्हणाली, "बाई गं, तुला कोणी इस्त्रीने चटके दिलेत का?" मी दोन्ही बाह्या ओढून घेतल्या आणि बटाटे सोलत बसले.

पण मी तो खाजेपायी काढला नाही, दादा. कंटाळा आला म्हणून काढला. बाराव्या वर्षापासून टोचतेय, मोजतेय, पाव हातात घेतला की मनात हिशोब. मी दमलेय. आणि दमले असं म्हणायची सोय नाही, कारण कोणी म्हणत नाही, "बरं, आजचा दिवस राहू दे." वाटलं, एक आठवडाभर अंगावर काही नको. माझं कातडं माझं मला हवं होतं.

आणि झालं काय ते ऐक. पूर्वी साखर उतरली की हात कापायचे, घाम सुटायचा, आठवतं ना? तूच म्हणायचास, "बारकी पांढरी पडली, साखर द्या." ते सगळं आता बंद झालंय. इतक्या वर्षांत अंगाने सांगायचंच सोडलं. म्हणून तर सेन्सर. तो कोकलतो तेव्हा मला कळतं, आणि मी नाही उठले तर तुला कळतं.

तर सेन्सर नव्हता, गुरुवार होता, वाटाण्याचं सूप होतं. मी वाढत होते. म्हणे मी पोरांना ओरडायला लागले, मग पळीवर चिडले, मग ताट घेऊन उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "आधी नाक शिंकर, मग सूप." मला यातलं काही आठवत नाही. इल्ता सांगते. तिने मला हंड्यापासून ओढलं आणि तोंडाला रस लावला. "पी! नाही तर नाक दाबून पाजीन." मी तिला चावले. पुढचं मला आठवतं ते जमिनीवरून. शेजारी हंडा रटरटत होता, आणि एक छोटी मुलगी विचारत होती, "सिनिक्कामावशी झोपली का?"

शाळेत होते म्हणून वाचले. घरी असते तर? लेम्पीला कोण पाठवणार होतं? तुझ्या खिशातल्या फोनवर मी नव्हतेच.

हे तुला सांगायचं नव्हतं. आईच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तू काय म्हणालास, ते मी विसरले नाही. "कुसामोला चल, माझ्याकडे राहा, एकटी कशी राहशील?" मी म्हटलं, मी काय गोठ्यातली गाय आहे, इथून सोडून तिथे बांधायला? तर चार माणसांत कप आपटून म्हणालास, "मग पड एकटी. मी बघायला येणार नाही." आता मी पडले हे कळल्यावर तू म्हणशील, बघ, सांगत नव्हतो? म्हणून फोनवर ढकललं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. अख्ख्या पाठीवर कसल्या कसल्या द्रव्यांचे तुकडे चिकटवले आणि म्हणाल्या, पाठ भिजवायची नाही, आठवडाभर सौनातली वाफ बंद! शनिवारी खिडकीत बसून लेम्पीच्या सौनाचा धूर बघितला. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही त्यात माणूस जातो. तुझं पहिलंच बंद केलं, बघ बाई."

निकाल आलाय. पट्टीच्या गोंदातलं काहीतरी मला सोसत नाही. बाकीचं पुढे कधीतरी लिहीन.

सेन्सर परत लावलाय, जमेल तसा. गुडघ्याला ऊन लाव.

तुझी,
सिनिक्का

*

इसाल्मी, १२ जून

दादा,

लेम्पी सांगत होती, तू पुन्हा तिला फोन केलास आणि विचारलंस, "बरणी पुरतेय का? की अजून करू?" म्हणून आज बसले लिहायला. तिसरी बरणी करू नकोस.

मागच्या पत्रात मी पुन्हा अर्धंच लिहिलं. तो निकाल ऐकायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आरसा दाखवला. सगळी पाठ स्वच्छ, आणि एकच चौकोन पेटल्यासारखा. त्या म्हणाल्या, "ही राळ. पाइन, स्प्रूस असल्या झाडांची. पट्टीच्या गोंदात असते. घरी राळेचं काही वापरता का?"

मी म्हटलं, "नाही."

कोट घातला, दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, "भाऊ मलम करतो. आई करायची, आता तो करतो."

"कुठे लावता?"

"फोडांवर."

बाईंनी माझी बाही वर करून दंड बघितला. मग हळूच म्हणाल्या, "सिनिक्काबाई, आगीत तेल ओतताय तुम्ही. पट्टी निघाल्यावर कातडीला जो विसावा मिळायचा, त्यातही तुम्ही राळच चोळलीत. हे असंच चाललं तर कुठलाच सेन्सर तुमच्या अंगावर टिकायचा नाही." नवीन सेन्सर आहे, वेगळ्या गोंदाचा, खाली पातळ पडदा लावून चिकटवायचा. पण आधी कातडी पूर्ण बरी व्हायला हवी, आणि राळ बंद. कायमची.

लहानपणी आईने आपल्या गुडघ्यांना, टाचांना, कुत्र्याच्या पंजालासुद्धा तेच लावलं. आपल्यापैकी कोणाच्या मनात तरी आलं असतं का, की ते वाईट करेल? ज्याला त्याला इथे तेच लावायला सांगतात. माझं काय बिनसलं देव जाणे. तुझी चूक नाही, हे आधी वाच. वाचून झालं की पुन्हा वाच. तुझी काहीही चूक नाही.

आता यापुढचं लिहायला लाज वाटते. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावरही मी मलम लावत राहिले. रोज नाही. पण लावत राहिले. जळायचं, तरी लावायचे. कारण तू दुखरा गुडघा घेऊन थंडीत जंगलात जातोस, झाडाच्या जुन्या जखमांवरची राळ सुरीने खरवडतोस, चुलीशी उभा राहून ढवळतोस, गाळतोस, फडकं बांधतोस. बोलत मात्र नाहीस. कॉफीचा कप आपटलास त्या दिवसापासून तुझ्याकडून मला एवढंच येतं. ते नको म्हटलं तर तू दुसरं काय पाठवणार? मला वाटलं, बरणी बंद झाली की तूही बंद होशील. त्यापेक्षा दंड जळलेला परवडला.

असा माझा शहाणपणा. आई असती तर म्हणाली असती, दोघांना एकाच पोत्यात घालून तळ्यात बुडवा.

गेल्या महिन्याअखेर सेन्सर पुन्हा सुटला. खालची कातडी ओलीच होती, पट्टी धरणार कशाला? मला कळलंही नाही. मी अंगणात ओंडके रचत होते. लेम्पी धापा टाकत कुंपणाशी आली. "तुझा भाऊ म्हणतो आकडा गेला. मोज आत्ताच्या आत्ता, मी इथून हलणार नाही." बोट टोचून बघितलं तर पार खाली. मी उभी होते, ओंडके रचत होते, आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. लेम्पीने खिशातून चिकट खडीसाखर काढून माझ्या तोंडात कोंबली. तिच्या खिशात आता कायम असते ती.

त्या रात्री मी तुझ्या दोन्ही बरण्या कपाटात वर ठेवल्या, पार मागे. फेकल्या नाहीत. फेकणारही नाही. कधी आईची आठवण आली तर झाकण उघडीन, वास घेईन आणि लावीन, झाकण लावीन म्हणते, मलम नाही. भिऊ नकोस.

तेव्हापासून राळ नाही. बोट टोचून टोचून दिवस काढले. दंडावर पापुद्रा धरला, मग तोही गळला, आणि काल नवीन सेन्सर लावला. खाज नाही. निदान आज तरी नाही, उद्याचं मी बोलत नाही, फार वेळा तोंडघशी पडलेय. तुझ्या फोनवर आकडा परत आला असेल. तू बघितलास हे मला माहीत आहे. आकडा आई असेपर्यंत तिच्या फोनवर जायचा. त्या दिवशी कॉफीच्या आधी मी तो तुझ्या फोनवर लावून दिला, आणि कॉफीनंतर आपण भांडलो. वाटलं होतं, घरी पोचायच्या आत काढून टाकशील. नाही काढलास. बघायला येणार नाही म्हणालास आणि तेव्हापासून दिवसरात्र बघतोयस.

मी एकटी राहीन, ते मात्र तसंच आहे. कुसामोला येणार नाही. माझी शाळा इथे, आई इथे, लेम्पी इथे, आणि गाय म्हणवून घ्यायची माझी अजून तयारी नाही. पण मला भीती वाटते, दादा. रोज वाटते. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, तर कदाचित तू कप आपटला नसतास.

पुढच्या शनिवारी मध्य-उन्हाळ्याचा सण. लेम्पी सौना तापवणार, तळ्याकाठी होळी पेटणार, सौनात अंग झोडायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी मी बांधून ठेवीन. घामाने हा सेन्सर टिकतो की सुटतो कुणास ठाऊक. सुटला तर त्या वेळी कोणीतरी फोनवर नको, शेजारच्या फळीवर बसलेलं हवं. बोलायचं नसलं तर बोलू नकोस. सौनात कोण बोलतंय?

येताना बरणी आणू नकोस. काहीच आणू नकोस, दादा. नुसता ये.

तुझ्या खिशात राहणारी,
बारकी