चित्र, चित्र, चित्र

३ तारीख, सोमवार
साहेबांचा हुकूम: नगरपालिकेची वेबसाइट महिन्याभरात दिव्यांगांना वापरता आली पाहिजे. मी म्हटलं, पंधरा दिवस पुरे. दुसरा संकल्प: संतापायचं नाही. ऑपरेटरबाई हसल्या म्हणून स्टेपलर फेकला, पण लागला नाही. त्यामुळे तो संताप धरत नाही.

५ तारीख, बुधवार
बाई म्हणतात, आंधळ्यांचा फोन वेबसाइट वाचून दाखवतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे ते लिहायला हवं. चौदाशे चित्रं! मी सगळीकडे ‘चित्र’ एवढंच लिहायला लावलं. खोटं तर नाही. दुपारी चारला काम फत्ते.

६ तारीख, गुरुवार
पुलाजवळच्या रस्तारुंदीकरणाची नोटीस टाकली. टाइप कोण करत बसणार? कागदाचा फोटो काढून चढवला.

९ तारीख, रविवार
मेहुणा जेवायला. जन्मांध, पुलाजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान. पंक्चर बोटांनी शोधतो. त्याने फोनवर आमची वेबसाइट लावली. फोन म्हणाला, चित्र, चित्र, चित्र. अकरा वेळा. बायको हसली. मी टेबलावर मूठ आपटली. ग्लास फुटून माझ्या हाताला दोन टाके पडले. चूक ग्लासची, कडेला होता.
मेहुण्याने विचारलं, भावोजी, पुलाजवळ काही पाडणार म्हणतात, खरं का? मी म्हटलं, अजून वर्षभर काही होत नाही. नोटीस वाचली नव्हती, पण सरकारी कामाचा वेग मला ठाऊक आहे.

१४ तारीख, शुक्रवार
दुकान पाडलं. मेहुणा आत होता. मशीनवाल्याने हॉर्न दिला होता म्हणे; पुलाजवळ सगळेच देतात. पत्र्यासकट भिंत अंगावर आली. पाय दोन ठिकाणी मोडला, डाव्या हाताचा चुरा. दुपारी त्याची सात-आठ गिऱ्हाइकं ऑफिसात घुसली. काचा फोडल्या, मॉनिटर खिडकीतून खाली फेकला, शिपायाचं डोकं फुटलं. मी टेबलाखालून परिस्थितीवर नियंत्रण ठेवलं.

१५ तारीख, शनिवार
हॉस्पिटलात गेलो. शांतपणे समजावलं, की नोटीस आठ दिवस वेबसाइटवर होती, सर्वांसाठी खुली. मेहुणा म्हणाला, ऐकू येत नाही, जरा जवळ या. वाकलो. त्याने चांगल्या हाताने कॉलर धरली आणि कपाळ नाकावर हाणलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. रक्त त्याच्या प्लास्टरवर. बायको सोडवायला येईल असं वाटलं. ती दाराला पाठ लावून उभी होती, नर्स आत येऊ नये म्हणून.
मी त्याला माफ केलं. बायको थोडे दिवस भावाजवळ राहणार आहे. बरंच झालं, वेबसाइटकडे नीट लक्ष देता येईल.

२४ तारीख, सोमवार
नाकाची पट्टी काढायला गेलो तर व्हरांड्यात मेहुणा, व्हीलचेअरवर. शेजारी बायको आणि ऑपरेटरबाई. बाई नऊ दिवस एकेक पान त्याला ऐकवून दुरुस्त करतायत, मला न विचारता. मी म्हटलं, चाचणी प्रमुखासमोर व्हायला हवी. मेहुणा म्हणाला, मग ऐका. आजची ताजी सूचना लावली.
फोन वाचू लागला. नोटीस फोटो करून टाकल्याने एक नागरिक गंभीर जखमी. वेबसाइट विभागप्रमुख आजपासून निलंबित. पुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. व्हरांड्यातले सगळे पेशंट जवळ सरकले होते. मेहुण्याने पुन्हा एकदा लावलं.
उच्चार अगदी स्वच्छ होते. एक शब्दही अडखळला नाही.