झाकण ठेवावं की काढावं

पुणे
६ एप्रिल २०२५

ती. लटारूमामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या डब्यात आहे तेच ते काम, ज्यापायी मी दोन दिवाळ्या घरी नीट राहिले नाही. खिशात मावणारं गेमचं यंत्र आहे. उघडलं की वरच्या पल्ल्यात स्क्रीन आणि खालच्यात बटणं. मिटलं की चष्म्याच्या घरासारखं गप्प. तुम्ही दुरुस्तीच्या दुकानात टीव्हीला जोडून पोरांना तासावर जे गेम खेळू द्यायचे, तसलेच जुने खेळ यात भरलेत.

भांडण झाकणाचं आहे. झाकण ही माझी कल्पना. साहेब आणि बाकी सगळे म्हणतात, काढून टाक, पाटीसारखं सपाट कर. मग स्क्रीन मोठी होईल, बॅटरी मोठी बसेल, आणि बिजागरीतून जाणारी पातळ पट्टीची वायर तुटायची भीती राहणार नाही. झाकण ठेवलं तर स्क्रीनवर ओरखडा येत नाही, आणि मिटताच खेळ आहे तिथे झोपतो, उघडला की तिथूनच जागा होतो. महिनाअखेरच्या बैठकीत ठरेल. सपाट ठरलं तर काम दुसऱ्यांकडे जाईल आणि मी परत चार्जरच्या खोक्यांचे आराखडे काढत बसेन.

फोनवर तुम्ही नुसतं कौतुक करता, कागदावर खरं लिहिता. म्हणून पत्रच पाठवा. भाचीचं म्हणून पाहू नका, गिऱ्हाइकाचं म्हणून पाहा. आणि कुणाला दाखवू नका, अजून गुपित आहे.

मामींना नमस्कार. रागवायचं असेल तरी मायेनं रागवा.
तुमची पुनम

गडचांदूर
१५ एप्रिल २०२५

चि. पुनम हिस, लटारूमामाचे अ. उ. आ.

डबा पोचला. आधी माझ्या अकलेचं सांगतो. पहिल्या दिवशी ते मी बिजागरीच्याच बाजूनं उघडायला गेलो. तुझी मामी म्हणाली, नारळ फोडून राह्यले का. उघडल्यावर सवयीनं मागचे इस्क्रू काढून आत पाहिलं. परत बसवताना एक उरला. कुणाकडे शिकलो नाही, आपल्याच हातानं शिकलो, त्यामुळे इस्क्रू उरल्याशिवाय एकही यंत्र माझ्या हातून बंद झालेलं नाही. तेव्हा काळजी नको, चालते.

आता खरं. इथं दुपारी खाणीत सुरुंग उडाला की ताटातल्या वरणावरही भुकटीची साय धरते. झाकणानं स्क्रीन वाचली, पण भुकटी बिजागरीत बसली आणि उघडताना कर्र वाजू लागलं. यंत्र वाजलं की माझा गुडघा, हे दोनदा तपासावं लागलं. मग खोबरेल सोडलं. आता त्याला माझ्या डोक्याचा वास येतो. झाकण मिटावं म्हणून तू बटणांशेजारची ती अंगठ्यानं फिरवायची दांडी इतकी बुटकी केलीस की माझ्या अंगठ्याला ती सापडतच नाही. पानठेल्यावर बापूरावांना दाखवलं नाही, तू मनाई केली होतीस. फक्त लांबून उघडझाप केली. त्यांनी विचारलं, चुना कुठी भरता.

आठवडाभर जेवण झाल्यावर कूलरसमोर दिवाणावर पडून चहापर्यंत खेळलो. विटा रचायचा खेळ फार गोड. एवढ्या दिवसांत झाकण एकदाही मिटावं लागलं नाही. बॅटरी मात्र रोज ऐन रंगात मरते. तेव्हा माझा निकाल असा, की झाकण म्हणजे व्याह्याचा फेटा. शोभा आहे, काम नाही. काढून टाक आणि बॅटरी मोठी घाल. तुझं मन मोडते हे मला कळते, पण गिऱ्हाइकाचं म्हणून पाहा असं तूच लिहिलंस.

तुझी मामी कमळा बरी आहे. छतावर मुंगवड्या घालून राह्यली.
रुसायचं तर जेवून रूस. आशीर्वाद परत घेतले जाणार नाहीत.
तुझा लटारूमामा

पुणे
२१ एप्रिल २०२५

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इस्क्रूपाशी हसले, फेट्यापाशी डोळे पुसले. तुम्ही खरं लिहिलंत, ते मीच मागितलं होतं. साहेबांना तुमचा निकाल सांगितला. ते म्हणाले, ज्यानं जन्मभर यंत्रं उघडली तो माणूसही झाकण नको म्हणतो, मग बोलायला उरलं काय. तीस तारखेला शिक्कामोर्तब होईल. आईशीही बोलले. तिनं समजूत घातली की सपाट यंत्रातही झोपवायचं बटण असतंच, ते दाबून धरलं की झालं. खरं आहे तिचं.

नमुना सवडीनं परत पाठवा. उरलेला इस्क्रूही.
तुमच्यावर राग नाही. माया तेवढी जागेवर राहू द्या.
पुनम

गडचांदूर
२४ एप्रिल २०२५

माही पोरी पुनम, तुले मामीचा आशीर्वाद.

तुहं पत्र ह्यांनी मले मोठ्यानं वाचून दाखवलं, जसं कोर्टाचा निकाल वाचून राह्यले. तेव्हा तव्यावर भाकर होती, ती उलटली. फोन कराव तं हे बाजूले असतातच. आता पानठेल्यावर गेले, म्हणून लिहून राह्यली.

ह्यांनी ते यंत्र कसं तपासलं ते आधी समजून घे. दिवाणावर पडून. चहा मी नेऊन दिला, पाणी मी दिलं, कूलरात पाणी मी टाकलं. जो मानूस उठतच नाई त्याले झाकण कायले लागते?

मी पण खेळली. सकाळी हे आंघोळीले आन् मग पेपरात गेले का मी ओट्यापाशी उभी राहून विटा रचते. दुपारी ह्यांची बॅटरी ऐन रंगात काऊन मरते, ते आता तुले समजलं असन. मले मात्र एकसारखं खेळता येत नाई. दोन विटा लावल्या का दूध वर येते. मंग नळ येते. मंग छतावर मुंगवड्याइले बकरी येते. दर वेळी झाकण मिटवलं आन् पळाली. परत येऊन उघडलं तं वीट तशीच मधात लटकून, माही वाट पाहून राह्यली. ह्या घरात माह्यासाठी दुसरं काही थांबत नाई बाप्पा, नळ तं नाईच नाई.

तुही आई, रीताबाई, म्हणतात का बटन दाबून धरायचं. माहे हात पिठाचे असतात. झाकण मी कोपरानं मिटवते. तुह्या साहेबाले म्हणाव, कोपरानं बटन दाबून धरून दाखव.

यंत्रात खोड नाई असं नाई. तेलाच्या बरणीले टेकवलं का झाकण मागं लवंडते, अर्ध्यावर ठरत नाई. अक्षरं मुंगीएवढी. ते सुधर. झाकण काढू नको.

हे पत्र लिहिल्याचं ह्यांना मीच सांगीन, जेवताना.
मामीवर जीव असू दे.
कमळा

गडचांदूर
२६ एप्रिल २०२५

चि. पुनम हिस, अ. उ. आ.

जेवताना सांगितलं. घास तोंडात असताना सांगितलं, म्हणजे मला बोलता येऊ नये. घास उतरेपर्यंत तिनं यंत्र माझ्या हातात ठेवलं होतं.

फेरतपासणी झाली, तुझ्या मामीच्या नजरेखाली. अट अशी, की खेळ उभ्यानं खेळायचा, दूध सांभाळायचं, आणि नळ आला तर धावायचं. पहिल्यांदा मी वीट वाचवली आणि दूध गेलं. दुसऱ्यांदा दूध वाचलं, पण बकरीनं मुंगवड्या घातलेल्या लुगड्याचा एक अख्खा पदर साफ केला. बकरी वर आहे हे मी ऐकलं होतं. एवढी ओळ लागू दे, असं मी बकरीला मनातल्या मनात म्हणालो. आज सकाळी कुठं हात आपोआप झाकणावर गेला. तेव्हा उजेड पडला, की झाकण हे पडून खेळणाऱ्याच्या कामाचंच नाही.

तर निकाल फिरवतो. झाकण ठेव. पण फुकट काही मिळत नाही, म्हणून काय सोडायचं तेही लिहितो. बॅटरी आहे तेवढीच असू दे. मिटलं की झोपते, उभ्यानं खेळणाऱ्याला पुरते. ती बुटकी दांडी काढ, जुने खेळ बटणांवर मजेत चालतात. मोठा स्पीकर काढ. तो मला फार आवडला होता, पण कमळाला शिट्टी ऐकू आली पाहिजे, कुकरची. त्या जागेत जाड बिजागरी बसव, अर्ध्यावर ठरणारी. आणि पट्टीची वायर इस्क्रू काढून बदलता यावी असं कर. ती तुटणार, हे साहेबांचं बरोबर आहे.

साहेबांना हेही सांग, की आधीचा निकाल देणारा जाणकार आडवा होता.
चुकलो तरी मामाच आहे, असं धरून चाल.
लटारूमामा

पुणे
२ मे २०२५

ती. मामा आणि ती. मामी यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

बैठकीत मामींचं पत्र मी जसंच्या तसं वाचलं. कोपराच्या ओळीपाशी सगळे हसले. मग आमच्यातल्या एकानं कँटीनमधून कणीक मागवली. तासभर मोठमोठे इंजिनियर पिठाचे हात वर धरून कोपरानं बटण दाबत होते. दोघांनी यंत्र बंदच करून टाकलं, एकानं खाली पाडलं. साहेबांनी स्वतः करून पाहिलं, बाहीला कणीक लागली, आणि ते म्हणाले, ठेवा झाकण.

खूश झाले असं सरळ लिहिता येत नाही. दांडी गेली, मोठा स्पीकर गेला, किंमत वाढली. पहिली खेप थोडीच निघणार आहे. ती खपली नाही तर पुढचं सपाटच होईल. पण काम माझ्याकडे राहिलं. आता जे होईल ते माझ्या हातून होईल.

नव्या बिजागरीचा पहिला नमुना मामींच्या नावे पाठवते.
दोघांच्या मायेवर माझा हक्क चालू ठेवावा.
पुनम

गडचांदूर
२५ मे २०२५

चि. पुनम हिस, अ. उ. आ.

डबा आला. वर नाव सौ. कमळाबाईंचं, त्यामुळे कुरिअरवाल्यानं मला आधी विचारलं की तुम्ही कोण. विचार करून उत्तर दिलं.

बिजागरी झकास. अर्ध्यावर ठरते, तेलाच्या बरणीची गरज नाही. अक्षरं आता मुंगळ्याएवढी झाली, अजून थोडी वाढव. आवाज बारीक झाला, त्याचं मला थोडं दुःख आहे, पण मला इथं विचारते कोण.

काल जेवण झाल्यावर कमळा दिवाणावर बसली आणि तिनं ते उघडलं. दूध मी उतरवलं. नळ मी भरला. कूलरात पाणी टाकलं, अर्धं कूलरात, अर्धं पायावर. छतावर बकरी हाकलायला गेलो, तर ती मला ओळखेचना. कमळाला पाहून पळते, माझ्याकडे पाहून मुंगवड्या चावत राहिली. चहा केला, साखर राहिली. कमळा तसाच प्याली, इतकी रंगली होती. दिवेलागणीला मान वर करून म्हणाली, आज झाकण एकदाही मिटावं लागलं नाई.

हे साहेबांच्या कानावर घालू नको. ऐकलं तर पुन्हा सपाट करायला निघतील.

लिहायचं बरंच होतं, पण हाक आली, नळ आला म्हणते. उठतो.
तुझा लटारूमामा