समुद्र न पाहिलेल्याचा अर्ज

३ मार्च १९५७, वाशीम

टाकला अर्ज! आता पेटी फोडल्याशिवाय परत मिळायचा नाही.

किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाला अधिव्याख्याता हवा आहे. विषय — समुद्रकाठच्या, पाठीला कणा नसलेल्या प्राण्यांचं जगणं. खेकडे, शिंपले, कालवं. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, नागपूरचा एम.एस्सी. आहे, आणि सहा वर्षं अडाण नदीच्या खेकड्यांमागे हिंडतो आहे. समुद्र मात्र पाहिलेला नाही! अर्जात तसा रकाना नव्हता. मग मी तरी आपणहून कशाला सांगू?

सोजर म्हणाली, "कणा नसलेले पाहाले इतक्या दूर कायले जाता? तुमच्या शाळा कमिटीत कमी हायेत काय?" बायको अशी मिळाली आहे! मग एकदम गंभीर झाली. "तुमी जा खुशाल. मी नाही येत. परक्या मुलखात माह्या जीव नाही लागत."

जागा मिळाली तर एकट्यानं राहायचं की काय? पण आधी मिळू तर दे.

१० मार्च

रविवार. सासरवाडीला, इंझोरीला गेलो. नदीवर भुरीबाई होती. तांड्यावरची ही म्हातारी म्हणजे माझी खरी गुरू. मला बीळ ओळखायला हिनंच शिकवलं. समुद्राचं सांगितलं तर म्हणते, "बिळाच्या तोंडी ओली माती असली का मालक घरात. सुकली का घर खाली. समुद्रातल्या खेकड्याले येगळी अक्कल हाय का, मास्तर?"

२८ मार्च

उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की सोजर ओरडते, "उठा, तुमचा पाहुणा आला!"

१९ एप्रिल

बोलावणं आलं!! ६ मेला मुलाखत. नवे बूट घेतले. सोजरनं वाटेसाठी तिळाची चटणी कुटायला घेतली.

५ मे, समुद्रकाठी

पाहिला. काय लिहू? एस.टी.तून उतरलो आणि खुळ्यासारखा उभाच राहिलो. वय चौतीस, आणि डोळ्यांत पाणी!

मग एका खडकावर बूट आणि नमुन्यांच्या बाटल्या ठेवल्या आणि उघड्या पडलेल्या वाळूवरून दूरवर गेलो. बिळांच्या तोंडाशी ओल्या वाळूच्या गोळ्या! मालक घरात! भुरीबाईची विद्या इथंही चालली. तासभर पालथा पडून पाहत होतो. पाय भिजले तेव्हा मागं वळलो, तर मागच्या खोलगट भागात पाणी आधीच भरलेलं, खडकच नाही. बूट गेले, बाटल्या गेल्या, मी धोतर सावरत कसाबसा बाहेर!

भरती-ओहोटीवर मी नववीच्या वर्गाला दोन तास शिकवतो. चंद्र, सूर्य, फळ्यावर आकृती. पण आमच्याकडे पाणी उतरलं की उतरलं. चपला काठावर ठेवायच्या, पलीकडे जायचं, परत यायचं — जन्माची सवय. गाढव आहे मी!

६ मे

मुलाखत. अनवाणी! विद्यापीठाजवळचं चपलांचं एकमेव दुकान बंद.

पाच जण बसले होते. अध्यक्षांची नजर आधी माझ्या पायांवर. "हे काय?" खरं ते सांगून टाकलं. समुद्र काल पहिल्यांदा पाहिला, हेही. टेबलाच्या टोकाचे एक जण जे हसत सुटले!

अध्यक्ष म्हणाले, "मग वर्गात भरती कशी शिकवाल?" म्हटलं, "पहिल्याच दिवशी मुलांना बूट खडकावर ठेवायला सांगीन."

पुढं पाऊण तास खेकडे. ही निरीक्षणं कोणाची, विचारलं. माझ्या वह्यांतली निम्मी भुरीबाईची, तिला सही येत नाही, म्हणून सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं. बाहेर मद्रासचा उमेदवार बसला होता, डॉक्टरेट असलेला. त्याचे बूट चकचकीत. आपली आशा नाही. पण मजा आली, देवाशपथ!

९ मे, वाशीम

सोजर ऐकून पोट धरून हसली. स्वयंपाक करता करता तीनदा विचारलं, "जाते, आन् परत येते? रोज? दोन डाव?" हो म्हटलं. चंद्राचं सांगितलं. "मास्तर, कायबी सांगता!" थोड्या वेळानं पुन्हा — "पाणी येताना आवाज येते काय?"

७ जून

केनवडला भाचीच्या लग्नाला गेलो होतो; म्हशीपायी सोजर घरीच. बहीण आजारी पडली म्हणून आठ दिवस तिथंच अडकलो. आज घरी आलो तर कुलूप. शेजाऱ्यांनी किल्ली दिली, म्हणाले, सोजर कालच इंझोरीला गेली. आत फळीवर विद्यापीठाचं पाकीट, फोडलेलं.

माझी निवड झाली आहे. माझी! संमतीची तार ५ जूनच्या आत पोचली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. आज सात.

केनवड काय विलायतेला आहे? एक माणूस धाडता आला नसता? तिला यायचं नव्हतंच. म्हणून पत्र पडू दिलं. आणि आता तोंड चुकवून माहेरी! इतका राग मला तिचा कधी आला नव्हता. जेवलो नाही.

८ जून

दुपारी सोजर आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पत्र तीन तारखेले आलं. पोस्टमास्तरनं वाचून दाखवलं. तुमाले निरोप धाडून तुमी येसाल तवर तारीख गेली असती. म्या त्याच पावली तार केली, तुमच्या नावानं. काल म्हैस बाबाच्या गोठ्यात बांधून आली."

तारेत काय घातलंस, विचारलं.

"सहकुटुंब येतो."