सुटा ठिपका

४ फेब्रुवारी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं आज टेम्पोच्या पाठीवर आलं. दोन पलंग, एक कपाट, पुस्तकांची खोकी आणि धाकटीची पुठ्ठ्याची घरं. त्या घरांना तिनं टेम्पोवाल्याला हात म्हणून लावू दिला नाही. माझी ही धाकटी बहीण एका वास्तुकाराकडे इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करते. संधिवातानं सुजलेल्या बोटांनी नखाएवढ्या खिडक्या कापते आणि पाव कापायची वेळ आली की मात्र ताई लागते.

जागा छान आहे. तिसरा मजला, पण लिफ्ट चालू, म्हणजे तिच्या गुडघ्यांची काळजी मिटली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इस्पितळाची मागची भिंत दिसते. तिथेच माझी नवी नोकरी. इतकी वर्षं विमा कंपनीत बसून माणसं कधी मरतील याचे अंदाज बांधले. आता ती आजारी का पडतात ते बघायचं. धाकटी म्हणाली, ही बढती म्हणायची की पापक्षालन.

संध्याकाळी दोघींनी खोक्यांवर बसूनच चहा घेतला. फार दिवसांनी मी इतकी खुशीत आहे.

७ फेब्रुवारी

कामाची ओळख झाली. प्रयोगशाळा म्हटल्यावर मला काचेच्या नळ्या दिसायच्या, इथे तर नुसते पडदे. रुग्णांच्या रक्तातून कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपलीत हे मोजून आमच्याकडे येतं. जी जनुकं बरोबरीनं जागी होतात आणि बरोबरीनं झोपतात, त्यांच्यामध्ये संगणक रेघ ओढतो. असं हजारो ठिपक्यांचं जाळं तयार होतं आणि त्यात एकेका रोगाची आपापली वस्ती दिसते. दोन वस्त्यांत रेघ असली, की एका रोगाच्या माणसाला दुसराही होण्याचा संभव जास्त. दुखणी एकटी येत नाहीत, सोबत घेऊन येतात, हे माझी मावशी कुठल्याही संगणकाशिवाय सांगायची.

जाळ्याच्या कडेला माणसांचे ठिपके आहेत, ज्यांचं ज्यांचं रक्त घेतलं त्यांचे. तुलनेसाठी निरोगीही लागतात, म्हणून नव्या माणसानं पहिल्या आठवड्यात आपलं रक्त द्यायचं असा इथला रिवाज. मीही दिलं. अर्धशिशी सोडली तर मी ठणठणीत आहे.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे बाई म्हणतात. मऊ आवाजाच्या, कधी घाईत नसलेल्या. त्यांचे दोन नियम. एक, दोन रोगांमधली रेघ संगणक फक्त सुचवणार, माणसानं ती बघून ‘मान्य’ करायची. दुसरा, जाळ्यात सुटा ठिपका नको. कशालाच न जोडलेलं काही दिसलं की संगणक जवळचा शेजारी शोधून आपणच बांधून टाकतो. घर झाडताना मी जे करते तेच, जिथे तिथे पडलेलं उचलून कुठेतरी कोंबायचं.

माझ्या टेबलावर आधी ‘लाजाळू’ म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ बसायचे. आई वारली आणि ते नोकरी सोडून गेले, एवढंच कळलं.

१६ फेब्रुवारी

आज माझी पहिली रेघ. कातडीचे पापुद्रे निघतात त्या रोगापासून डोळ्यांच्या आतल्या सुजेपर्यंत. दिवसभर उलटसुलट तपासली आणि मान्य केली. बाईंनी पाठीवर हात ठेवला. मी घरी येताना केक घेतला, धाकटीनं त्यातला मोठा तुकडा स्वतःला घेतला.

२७ फेब्रुवारी

रेघ खरी ठरली. वॉर्डांतून पडताळणी करणारे छातीचे डॉक्टर स्वतः सांगायला आले. कातडीच्या कितीतरी रुग्णांचे डोळे लाल झालेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला आभाळ ठेंगणं झालं.

मग एक गोष्ट खटकली. त्यांतल्या एकाचाही डोळा सोळा तारखेच्या आधी दुखत नव्हता. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, आपण विचारतो तेव्हा लोक सांगतात, न विचारता डोळ्याची तक्रार कोण करतं? पटलं. आणि आपल्या यशात खडे शोधण्याची मला खोडच आहे.

३ मार्च

इथे तरी खरं लिहिते. ही नोकरी मी धाकटीसाठी घेतली. तिच्या सांध्यांच्या मागे आणखी काय दबा धरून आहे ते मला आधी कळायला हवं होतं. म्हणून बाईंच्या परवानगीनं तिचं रक्त संधिवाताच्या नव्या गटात घातलं. सुई टोचताना ती म्हणाली, ताईच्या हौसेपायी मी रक्त आटवतेय ते आज शब्दशः खरं झालं.

आज संगणकानं सांध्यांपासून फुप्फुसांपर्यंत एक फिकट रेघ सुचवली. यात नवं काही नाही, संधिवाताच्या काही रुग्णांच्या फुप्फुसांवर व्रण धरतात हे पुस्तकातही आहे. पुरावा चोख होता. मान्य केली.

१२ मार्च

धाकटी खोकते आहे. पुठ्ठ्याची धूळ जाते, दुसरं काय. मी मास्क आणून दिला. तो तिनं एका पुठ्ठ्याच्या घरावर छत म्हणून ठेवला.

१५ मार्च

तिच्या छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी व्रण. छातीचे डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत होते. इतके ताजे व्रण त्यांनी पाहिले नव्हते, आणि या आठवड्यात असे बरेच आले. सगळे आमच्याच गटातले, ज्यांचे ठिपके जाळ्यात आहेत असे. ज्यांचं रक्त आम्ही घेतलं नाही, ते संधिवाताचे रुग्ण ठणठणीत आहेत.

मी घरी आले. धाकटी जिना चढत नव्हती, फक्त मोजे घालत होती, आणि तिला धाप लागली.

१७ मार्च

मनातलं वेड मनातच जिरवायचं म्हणून एक केलं. अर्धशिशीपासून कानातल्या शिटीपर्यंत संगणकानं एक कमजोर रेघ सुचवून ठेवली होती. जाळ्यात अर्धशिशीला बांधलेली मी एकटीच आहे. म्हणजे काही झालंच तर मलाच. मान्य केली.

१८ मार्च

शिटी वाजते आहे. दोन्ही कानांत, एका पट्टीत, न थांबता.

हे जाळं शेजार शोधत नाही. आम्ही मान्य म्हणतो आणि शेजार तयार होतो. माझ्या बहिणीच्या छातीत मीच ते घातलं.

१९ मार्च

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या मला वेड्यात काढतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि ऐकून घेतलं. लाजाळूंनाही हेच वाटलं होतं म्हणे. त्यांनी आपल्या आईचा ठिपका जाळ्यातून समूळ पुसला. त्याच दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. मृत्यूचं कारण म्हणून लिहायला डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

मी म्हटलं, बंद करा हे. त्या शांतपणे म्हणाल्या, “आपला नकाशा आजवर चुकलेला नाही. न चुकणं हा नकाशाचा दोष कसा होईल?”

संगणक बंद करून काही होणार नाही. जाळ्याच्या प्रती दुसऱ्या इस्पितळांत आहेत, आणि आहे ते दुखणं जागच्या जागी राहील. धाकटीचा ठिपका पुसायचा नाही, एवढं मात्र पक्कं ठरवलं. पण रेघ? मान्य केलेली रेघ रद्द करता येते.

२० मार्च

केली. सांधे ते फुप्फुसं, रद्द.

२१ मार्च

खोकला नाही! सकाळी धाकटी गाणं गुणगुणत होती. मी न्हाणीघरात जाऊन रडले. चेहरा धुऊन बाहेर आले तर ती म्हणाली, कांदा न चिरता रडणारी बाई पहिल्यांदाच पाहते आहे. छातीचे डॉक्टर म्हणाले, व्रण गेले, असं होत नसतं. मी म्हटलं, होऊ द्या.

२३ मार्च

धाकटीचे डोळे लाल. पाय सुजलेत, लघवीतून रक्त. मी धावत कामावर गेले.

जाळ्यात सांध्यांच्या वस्तीला आता तीन रेघा आहेत. डोळे, मूत्रपिंड, हृदयाचं आवरण. मी एकही मान्य केलेली नाही. ती फुप्फुसांची एकच रेघ त्या वस्तीला बाकीच्या जाळ्याशी धरून होती. मी ती तोडली, वस्ती सुटी पडली, आणि सुटं काही ठेवायचं नाही. रद्द म्हणजे दुसरा शेजार शोधायला परवानगी. नियमात हे लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

आगीतून काढून फुफाट्यात टाकलं मी तिला.

२४ मार्च

तिन्ही रद्द केल्या. वेड्यासारख्या. संध्याकाळपर्यंत सात झाल्या.

बोलताना तिची जीभ जड होते आहे. हातातली कात्री पडते. ती मला धीर देते, तीच मला.

२६ मार्च

इस्पितळात ठेवून घेतलं. प्रत्येक वॉर्डाचा डॉक्टर येतो, आपलं आपलं दुखणं बघतो, मान हलवतो. आता मी कशालाच हात लावत नाही. लावलं तर वाढतं — नाही लावलं तर आहे ते तिला खातं —

आज तिनं विचारलं, ताई, माझं नक्की काय दुखतं हे कुणाला तरी ठाऊक आहे का? मी उशी नीट केली. 

२७ मार्च

एक वाट आहे. निरोगी ठिपका, माझा. वस्तीला बांधायचं नाही, तिच्या ठिपक्यालाच बांधायचं. तिच्याकडून जे निघतं त्याला जायला जागा हवी. आमचं रक्त एक, जनुकं निम्मी तीच, संगणक नाही म्हणणार नाही.

तिच्यापासून माझ्यापर्यंत एक रेघ हातानं ओढली. पुरावा म्हणून काय लिहू? बहीण, असं लिहिलं.

मान्य.

२९ मार्च

तिनं आज स्वतः केस विंचरले. बोटं सरळ झालीत. तिची बोटं सरळ मी फक्त लहानपणी पाहिली होती. डॉक्टर रांग लावून बघायला येतात, कुणाला काही कळत नाही. मला इतका आनंद झालाय की तो मावत नाही.

गुडघे धरलेत. पेन नीट धरता येत नाही. असू दे.

३१ मार्च

ती घरी. खिडकीशी बसून नवं घर करते — मी पलंगावर. खोकला माझा. तिला सांगितलं, थंडी बाधली. ती बघत राहते. सुजलेली बोटं तिला कोण शिकवणार, तिला ती पाठ आहेत —

१ एप्रिल

डोळे झोंबतात. मोठं लिहिते.

तिनं सकाळी बाईंना फोन केला. त्या रेघेचं सगळं विचारलं. बाईंनी सांगितलंही. का सांगितलं —

माझ्या पायांशी येऊन बसली. रागावली नाही. म्हणाली, “ताई, तू मला विचारलं नाहीस. आता मीही तुला विचारणार नाही.”

दुपार

उठले तर ती नाही. तिचे बूट नाहीत. माझं कार्डही नाही, कामावरचं, दार उघडायचं —

ती रेघ रद्द करायला गेली. माझ्यासाठी. तिला वाटतं रद्द केलं की संपलं. तिला रद्द म्हणजे काय ते — मी कधी सांगितलंच नाही. बाई सांगतील? नाही. बाई बाजूला होऊन बघतील —

फोन. बोटं आकड्यांवर बसत नाहीत. एकदा लागला. तिनं कापून टाकला.

खिडकीपर्यंत आले भिंत धरून. दिसते आहे. मागच्या दाराशी, निळ्या स्वेटरमध्ये, भरभर चालते. इतकी भरभर ती कधीच — हाक मारते आहे, नुसता श्वास निघतो. तिनं वर पाहिलं. हात हलवला मला. हसली.

आत गेली.

आमचे ठिपके त्या एका रेघेवरच टिकून होते, आता आम्ही दोघी सुट्या होणार. दोन ठिपके, सुटे, आणि ते शोधायला लागेल, आमच्या दोघींसाठी, जवळचं जे काही —

छातीत काहीतरी सुटलं. मोकळा श्वास आला. बोटं सहज वळतात.

म्हणजे तिनं दाबलं. म्हणजे आता तिच्या