टेपचा ढिला बेल्ट आणि आहेरबाई

नाशिक, ऑगस्ट १९९६
मंगळवार, संध्याकाळ

मेनरोडच्या मिस्त्रीने आज माझ्या टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट चिमटीत धरून दाखवला. "साहेब, पार ढिला झालाय. लय दिवस टेप स्लो वाजत असंल." नवा बेल्ट टाकून त्याने आत होती तीच कॅसेट लावली. माझ्या संग्रहातली ती अमेरिकन 'सोल' संगीतातली गायिका. तिच्यावरच मी गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत लिहिलं होतं की, हिचा प्रत्येक सूर दुःखाने जड होऊन पाय ओढत येतो.

ती चक्क मजेत गात होती! मिस्त्रीचाही पाय ताल धरायला लागला.

म्हणजे दुःख त्या बेल्टचं होतं? हल्ली सगळ्याच कॅसेटी जड वाटायच्या. मला वाटलं, आपला कान मुरला.

एक वेळ हसून सोडून दिलं असतं. पण शाळेतल्या आहेरबाई... त्यांच्याकडेही हाच अल्बम आहे. लेख वाचून त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या, "सर, मला तर ती खुशीत वाटते." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, त्यासाठी कान तयार असावा लागतो." सगळे हसले. बाई अर्धा डबा तसाच झाकून उठल्या.

एवढ्याशा रबराच्या जोरावर बोललो मी. लिहिताना कानशिलं तापताहेत.

आणि आज दुपारीच, मिस्त्रीकडे जायच्या आधी, बाईंनी मला शाळेच्या जिन्यात गाठलं होतं. "सर, चार-पाच वेळा ऐकली पुन्हा. तुमचं बरोबर आहे. आता मलाही तिचं रडणं ऐकू येतं."

मी म्हणालो, "बघा, होतोय कान तयार."